जुलाबानंतर हातापायातली ताकद गेली : जीबीएस आणि तशाच आजारांच्या उपचारांबद्दल (सांगली-मिरज)

बागवाला, तासगाव

धाकटा भाऊ आता परत बागेत जातो. म्हणून हे लिहायला बसलोय. त्या दिवसांत मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर मराठीत काहीतरी सापडतंय का शोधत होतो आणि हाताला लागत होते फक्त लकव्याच्या तेलाचे व्हिडिओ.

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू होती. त्याआधी दहा-बारा दिवस पाहुण्यांकडं जावळाचं जेवण झालं होतं. तिथून आल्यावर भावाला तीन दिवस जुलाब लागले, ताप आला, मग बरा झाला. आम्ही विसरूनही गेलो. छाटणीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या हातातून कात्री दोनदा पडली. तिसऱ्यांदा त्यानं दाबली तर काडी तुटलीच नाही, नुसती चेपली. संध्याकाळी घरी येताना एका पायातली चप्पल बांधावरच राहिली आणि पायात चप्पल नाही हे त्याला दारात आल्यावर कळलं. तळपायाला मुंग्या येत होत्या आणि कंबर भयंकर दुखत होती.

आई म्हणाली, वारं गेलं. पण वारं जातं तेव्हा एक बाजू जाते, आणि याचे दोन्ही पाय सारखेच जड झाले होते. गावातल्या डॉक्टरांनी थकवा म्हणून सांगितलं, दोन दिवस ताकदीची सलाईनं लावली, बी-१२ ची इंजेक्शनं दिली. त्यांना दोष द्यावा असं नाही, त्यांनी असा पेशंट कदाचित कधी पाहिलाच नसेल. वर्षाला लाखात एक-दोघांना होणारा आजार आहे. पण त्यात आमचे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पहाटे तो संडासला बसला तो उठेना. मी आणि चुलत्यांनी धरून उचलला आणि तसाच मिरजेला नेला.

तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा रबरी हातोडीनं गुडघ्याखाली मारलं. पाय हललाच नाही. दुसऱ्या पायाचंही तेच. मग एकच प्रश्न विचारला, "महिन्याभरात ताप, खोकला, जुलाब काही झालं होतं?" चार दिवसांत हा प्रश्न आम्हाला कुणीच विचारला नव्हता.

आजाराचं नाव गियाँ-बारे सिंड्रोम, सगळे जीबीएस म्हणतात. १९१६ मध्ये फ्रेंच सैन्यातल्या डॉक्टरांनी दोन सैनिकांवरून तो लिहून ठेवला. जंतूंशी लढायला शरीरानं तयार केलेली फौज लढाई संपल्यावर आपल्याच नसांवर उलटते. जंतू तोवर निघून गेलेला असतो, त्यामुळं अँटिबायोटिक देऊन गेलेली ताकद परत येत नाही.

तपासण्या दोन झाल्या. पाठीतलं पाणी काढलं आणि नसांना बारीक करंट देऊन त्यांचा वेग मोजला. पाण्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र जवळजवळ नाहीत, असं आलं की जीबीएसचा संशय पक्का होतो. पण पहिल्या आठवड्यात दोन्ही तपासण्या नॉर्मल येऊ शकतात. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता हाता-पायाच्या तपासणीवरच उपचार ठरवले, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

उपचार दोनच, आणि दोन्ही सारखेच गुणकारी. एक आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून (रक्तातल्या पातळ पिवळसर भागातून) काढलेल्या अँटिबॉडी (जंतूंशी लढणारी प्रथिनं) शिरेतून देतात. किलोमागं रोज ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस. भाऊ ६० किलोचा, म्हणजे रोज २४ ग्रॅम आणि एकूण १२० ग्रॅम. ५ ग्रॅमच्या बाटल्या धरल्या तर २४ बाटल्या. दुसरा उपचार प्लाझ्मा बदलणं. मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून रक्त मशीनमधून फिरवतात, खराब प्लाझ्मा बाजूला काढतात आणि त्याजागी अल्ब्युमिन नावाचं प्रथिन भरतात. दीड-दोन आठवड्यांत चार-पाच वेळा.

आम्ही आयव्हीआयजी घेतलं. बाटल्या सांगलीतल्या होलसेलरकडून आणाव्या लागल्या. औषध थंड ठेवायचं, गोठू द्यायचं नाही, हलवायचं नाही, हलवलं की फेस होतो. पहिल्या दिवशी थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन मी सांगली-मिरज एसटीत बसलो होतो. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी डबा उचलून धरला. नर्सनं सुरुवात अगदी सावकाश केली, दर पंधरा मिनिटांनी बीपी, ताप बघितला, मगच वेग वाढवला. डोकं खूप दुखलं त्याचं, थंडीही वाजली. वेग कमी केल्यावर थांबलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. औषध सुरू झालं म्हणजे दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसतो असं नाही. आमचा उलट खाली गेला. डॉक्टर त्याला एका श्वासात आकडे मोजायला लावायचे. आला तेव्हा ३१ पर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी २२. तिसऱ्या दिवशी सकाळी १३ आणि थुंकी गिळता येईना. त्याच तासाला आयसीयूत नेऊन व्हेंटिलेटर लावला. दर चार-पाच रुग्णांत एकाला ही वेळ येते. पायातली कमजोरी आपल्याला दिसते, छातीतली दिसत नाही, तिच्यासाठी हा आकडा.

बारा दिवस तो मशीनवर होता. चेहराही हलत नव्हता, पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या, म्हणून नर्स डोळ्यात मलम घालून वर पट्टी लावायच्या. आम्हाला वाटायचं तो बेशुद्ध आहे. नंतर बोलायला लागल्यावर त्यानं मला विचारलं, "बाग विकायची ठरली का?" मी आणि चुलते त्याच्या कॉटशेजारी उभं राहून पैशाचं बोललो होतो. त्यानं शब्द न् शब्द ऐकला होता. या आजारात मेंदू शाबूत असतो, माणूस आत पूर्ण जागा असतो. तुमच्यावर ही वेळ आली तर त्याच्याशी बोला, तारीख-वार सांगा, घरातलं बरं-बरं सांगा. पैशाचं बाहेर जाऊन बोला.

कुणाला काही विचारायचं असेल तर इथंच विचारा, मी रोज बघतो.

न्यूरो निवासी

मी मेंदूविकारशास्त्राचं शिक्षण घेतोय. तासगावच्या भाऊंनी जे लिहिलंय ते बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो.

जीबीएसच्या साधारण दोन-तृतीयांश रुग्णांना आधीच्या काही आठवड्यांत पोटाचा किंवा श्वसनाचा संसर्ग झालेला असतो. सगळ्यात जास्त वेळा सापडणारा जंतू कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी. त्याच्या बाहेरच्या आवरणावरच्या साखरेच्या साखळ्या आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या घटकासारख्या दिसतात. जंतूसाठी तयार झालेली अँटिबॉडी मग नसेवर जाऊन बसते. अर्धकच्चं चिकन, न तापवलेलं दूध, घाण मिसळलेलं पाणी यांतून हा जंतू येतो. ज्यांना त्याचे जुलाब होतात त्यांच्यात हजारात एखाद्याला जीबीएस होतो, त्यामुळं प्रत्येक जुलाबाला घाबरू नका. फ्लू, कोविड, झिका, काविळीचा ई विषाणू, मायकोप्लाझ्मा यांच्यानंतरही तो होऊ शकतो.

स्टिरॉइडबद्दल स्पष्ट लिहितो, कारण नातेवाईक हमखास विचारतात, "शरीर आपल्यावर उलटलंय तर स्टिरॉइड का देत नाही?" जीबीएसमध्ये स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. हे चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. गोळ्या दिलेल्या रुग्णांत तर सुधारणा मागं पडल्याचं आढळलं. पण याच आजाराचा एक दीर्घकाळ चालणारा भाऊ आहे, सीआयडीपी. कमजोरी आठ आठवड्यांनंतरही वाढत राहिली तर त्याचा विचार करतात, आणि त्याला स्टिरॉइड लागू पडतं. मुलांना संसर्गानंतर मेंदूला सूज येते त्या एडीईएममध्ये तर पहिलं औषधच शिरेतून दिलेलं स्टिरॉइड. म्हणून आधी आजाराचं नाव ठरू द्या. शेजारच्या वॉर्डातल्या पेशंटला जे चाललं ते आपल्याला चालेलच असं या आजारांत नसतं.

आणखी दोन गोष्टी. आयव्हीआयजी दिल्यावर लगेच प्लाझ्मा बदलू नये, नुकतंच दिलेलं महागडं औषधच धुऊन जातं. आणि "फरक दिसत नाही, अजून एक कोर्स द्या" हा आग्रह धरू नका. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी गंभीर रुग्णांना दुसरा डोस देऊन पाहिला, त्याची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. फायदा झाला नाही, रक्ताच्या गुठळ्यांसारखे त्रास मात्र जास्त दिसले. सुधारून परत घसरला तर गोष्ट वेगळी, तेव्हा पुन्हा उपचार देतात. आयव्हीआयजी पहिल्या दोन आठवड्यांत, प्लाझ्मा बदलणं चार आठवड्यांपर्यंत. जितकं लवकर तितकं चांगलं.

वाळव्याचा

दादा, आत्ता धागा वाचतोय आणि हात थरथरतोय. माझे वडील, वय ५८. पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते. परवापासून दोन्ही पायांना मुंग्या, काल जिना चढताना कठडा धरून चढले, आज दुपारपासून उठवावं लागतंय. आवाज नाकातून येतोय. डॉक्टरांनी कंबरेचा एमआरआय उद्या दुपारी सांगितलाय. आत्ता रात्रीचे साडेनऊ. सकाळपर्यंत थांबू का?

बागवाला, तासगाव

थांबू नका. आवाज नाकातून येतोय म्हणजे घशापर्यंत पोचलंय. त्यांना बसवा, पूर्ण श्वास घ्यायला सांगा आणि एक, दोन, तीन असं सावकाश मोजायला लावा. एका श्वासात कितीपर्यंत जातात ते लिहा. पाणी पाजू नका, ठसका लागेल.

वाळव्याचा

१९.

न्यूरो निवासी

आत्ता निघा. खासगी गाडीनं नको, १०८ ला फोन करा आणि सांगा की श्वासाचे स्नायू कमजोर होतायत, ऑक्सिजन आणि अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) असलेली गाडी हवी. १५-२० च्या खाली आकडा म्हणजे आयसीयू आणि व्हेंटिलेटर असलेलंच हॉस्पिटल हवं. निघायच्या आधी फोन करून विचारा, व्हेंटिलेटरची कॉट रिकामी आहे का, न्यूरोचे डॉक्टर आहेत का, प्लाझ्मा बदलायची सोय आहे का. मधे छोट्या दवाखान्यात थांबू नका. रस्त्यात बसत्या अवस्थेत ठेवा, आडवं पाडू नका. आधीचे कागद सोबत घ्या, रेशनकार्ड आणि आधारसुद्धा.

वाळव्याचा

गाडी आली. निघतोय.

पाचवीच्या बाई

वाळव्याच्या दादांचे वडील नीट पोचोत, लक्ष तिकडंच आहे.

माझा अनुभव वेगळ्या आजाराचा आहे, पण मूळ तेच, संसर्ग गेला आणि मागं हे ठेवून गेला. मुलगी नऊ वर्षांची. सांगलीतच राहतो. आधी तिचं अक्षर बिघडलं. मी स्वतः शिक्षिका, म्हणून मला आधी कळायला हवं होतं, पण मीच तिला तीन वेळा तेच पान पुन्हा लिहायला लावलं. मग ताट हातातून सुटायला लागलं. खांदा उडायचा, तोंड वेडंवाकडं व्हायचं. शाळेत तिला "नाटकं करते" म्हणून वर्गाबाहेर उभं केलं. घरी कारण नसताना रडायची. झोपली की सगळं थांबायचं, त्यामुळं आम्हालाही वाटलं मुद्दाम करते.

बालरोगतज्ज्ञांनी तिला त्यांची दोन बोटं मुठीत घट्ट धरायला सांगितली. तिची मूठ आवळायची, सैल व्हायची, परत आवळायची. शेजारी सासूबाई उभ्या होत्या, त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "म्हशीची धार काढतेय जणू." डॉक्टर म्हणाले, आजी, पुस्तकात अगदी हेच नाव आहे या खुणेला. जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली तर ती टिकेना, सारखी आत जायची.

आजार सिडनहॅम कोरिया. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गानंतर होतो, तोही आठवड्यांनी नाही तर कधी कधी महिन्यांनी. संधिवाताच्या तापाचाच हा एक चेहरा. म्हणून हाताच्या हालचाली राहिल्या बाजूला, पहिली तपासणी हृदयाची झाली. इकोमध्ये एका झडपेला थोडी गळती निघाली, जी कानानं ऐकू आली नव्हती. हालचालींसाठी काही महिने व्हॅल्प्रोएट दिलं, त्या हळूहळू थांबल्या. पण खरा उपचार पुढंच आहे, दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन. झडपेला लागलं असल्यामुळं एकविसाव्या वर्षापर्यंत तरी, असं सांगितलंय. घसा पुन्हा धरला तर झडप आणखी खराब होऊ शकते, म्हणून ही राखण. इंजेक्शन फार दुखतं. कॅलेंडरवर तारखेला ती स्वतः गोल करते आणि त्या दिवशी संध्याकाळी आम्ही गणपती मंदिरात जाऊन येताना भडंग खातो. अजून एकही तारीख चुकवलेली नाही.

पालकांना आणि विशेषतः माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना विनंती, चांगलं अक्षर असलेल्या मुलाचं अक्षर महिन्याभरात बिघडलं तर शिक्षा करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

कऱ्हाडकर

बाई, तुमचं वाचून पुतण्या आठवला. त्याला नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूनं मेंदूज्वर झाला होता. तीन आठवडे असायक्लोव्हिर घेऊन बरा होऊन घरी आला. महिन्याभरात पुन्हा बिघडला. झोपेना, ओरडायचा, हात-तोंड वेडेवाकडे हलायचे. घरात सगळे म्हणाले विषाणू परत आला, काही जण म्हणाले बाहेरचं आहे. पाठीतल्या पाण्यात विषाणू सापडला नाही, मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. म्हणजे शरीरच मेंदूवर उलटलं होतं, इथं विषाणूचं औषध पुन्हा देऊन भागलं नसतं. त्याला स्टिरॉइड, आयव्हीआयजी आणि पुढं रितुक्सिमॅब दिलं. वर्ष गेलं, पण शाळेत जातो. मेंदूज्वर बरा झालेलं माणूस दोन-तीन महिन्यांत पुन्हा विचित्र वागायला लागलं तर देवऋष्याकडं जाऊ नका, ज्यांनी आधी उपचार केले त्यांच्याकडंच परत जा आणि अँटिबॉडीचं विचारा.

आरोग्य सेविका, पलूस

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले तर त्याची नोंद आम्हाला करावीच लागते, मग डॉक्टरांना जीबीएस वाटत असलं तरी. १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने, दोघांत २४ तासांचं अंतर ठेवून, थंड पेटीतून लॅबला जातात. लोक आमच्यावर चिडतात, "पोराला पोलिओ झाला म्हणता काय?" तसं नाही. देशात जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, आणि तो परत आलेला नाही हे आपल्याला माहीत आहे ते या नमुन्यांमुळंच. नमुना द्यायला नाही म्हणू नका.

दुसरं पाण्याचं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी भागात जीबीएसची साथ आली, दोनशेहून जास्त रुग्ण झाले. काहींच्या शौचाच्या नमुन्यात हाच कॅम्पिलोबॅक्टर सापडला. जीबीएस स्वतः एकाकडून दुसऱ्याला होत नाही, पण पाणी खराब असेल तर जंतू सगळ्यांच्या पोटात जातो. त्यानंतर आमच्याकडं ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची) रोज बघायला लागले. नळाच्या शेवटच्या घरातलं पाणी घ्यायचं, टाकीजवळचं नाही. औषधाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचलंय. रंग आला नाही तर ग्रामपंचायतीत जाऊन सांगायचा तुम्हाला हक्क आहे. २०१९ च्या पुरात आम्ही घरोघरी मेडिक्लोर (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध) वाटलं होतं, तेव्हा लोक मागून घ्यायचे. पूर ओसरला की विसरतात.

वाळव्याचा

पोचलो रात्री पावणेबाराला. आयसीयूत घेतलंय. हातोडी मारली तरी पाय हलत नाही, रिफ्लेक्स नाहीत म्हणाले. जीबीएसच म्हणाले. आकडा १६. व्हेंटिलेटर अजून लावला नाही पण शेजारी तयार ठेवलाय. सकाळी प्लाझ्मा बदलायला सुरुवात करणार. आयव्हीआयजी का नाही विचारलं तर म्हणाले गुण सारखाच आहे, इथं मशीन आणि माणसं दोन्ही आहेत, आणि वडलांची किडनी जरा कमजोर आहे. ठीक आहे ना?

न्यूरो निवासी

अगदी ठीक. किडनीचा विचार करून घेतलेला चांगला निर्णय आहे. नळी टाकताना आणि मशीन चालू असताना बीपी खाली जाऊ शकतं, त्यांच्या लक्षात असेलच. या आजारात बीपी आणि नाडी स्वतःहूनही वरखाली होतात, मॉनिटर वाजला म्हणून घाबरू नका. पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन देतात, तेही विचारून घ्या. कंबर आणि पाय दुखत असतील तर सांगायला लावा, या दुखण्याला वेगळी औषधं आहेत.

बागवाला, तासगाव

पैशाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, दाखल केल्याबरोबर तिथं जा. उपचार संपल्यावर गेलात तर अवघड होतं. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८. आम्हाला पहिल्या दिवशी हे कुणी सांगितलं नाही, पहिल्या पाच बाटल्या आम्ही सोसायटीचं कर्ज आणि वहिनीच्या पाटल्या यांवर आणल्या.

अनुभवी

आमच्याकडं लकव्याचं औषध देणारं घराणं आहे, लांबून लोक येतात. तेल आणि शेक यांनी चांगला गुण येतो. एवढा खर्च करण्याआधी तिथं एकदा दाखवायला काय हरकत आहे?

बागवाला, तासगाव

काका, तुम्ही आपुलकीनं लिहिलंय, म्हणून मीही मनापासूनच सांगतो. आमच्या आईनं पहिल्या चार दिवसांत भावाच्या पायाला वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक दिला. त्याच्या तळपायाला काही कळत नव्हतं. टाचेला रुपयाएवढा फोड आला आणि ती जखम भरायला चालायला शिकण्याइतकाच वेळ लागला. आई अजून त्या टाचेकडं बघून डोळे पुसते. जीबीएसमध्ये बऱ्याच जणांची ताकद महिन्यांनी आपोआप थोडीफार परत येते, त्यामुळं त्या काळात जे केलं त्याला श्रेय जातं. पण पहिल्या पंधरवड्यात छाती बंद पडली तर तेल काही करू शकत नाही. नंतर अंग चोळायला माझी ना नाही.

फिजिओ, विश्रामबाग

चोळणं हलकं, जोरात नाही. आणि घरच्यांनी पहिल्या दिवसापासून करायचं ते म्हणजे पाऊल सरळ ठेवणं. पाय नुसता उशीवर टाकला तर पंजा खाली पडतो, टाचेची शीर आखडते आणि पुढं ताकद आली तरी टाच टेकत नाही. स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारा साचा) मिळेपर्यंत तळपायाला टेकून फळी किंवा घट्ट गुंडाळलेली चादर लावा. दर दोन तासांनी कूस बदला. सांधे हळू फिरवा, ओढू नका, सैल झालेला खांदा ओढला की निखळतो.

व्यायाम थकेपर्यंत नको. दुसऱ्या दिवशी जास्त कमजोर वाटलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. मी पेशंटला सांगते, दहा वेळा पाय उचलता येत असेल तर सहाला थांबा, आणि दिवसातून चार वेळा करा. नसेचं नुसतं आवरण खराब झालं असेल तर आठवड्यांत-महिन्यांत भरतं. आतली तारच तुटली असेल तर ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. कंबरेपासून पावलापर्यंत किती अंतर आहे ते मोजा, म्हणजे किती धीर धरायचा ते कळेल. सहा महिन्यांनी साधारण दहातले आठ जण आधाराशिवाय चालतात. थकवा मात्र त्यानंतरही रेंगाळतो आणि घरच्यांना तो आळस वाटतो. तो आळस नसतो.

पाचवीच्या बाई

भाऊंना विचारायचं होतं, तुमच्या भावाला पुन्हा होण्याची भीती आहे का? आणि लस घ्यायची की नाही?

न्यूरो निवासी

पुन्हा होणं फार कमी, शंभरात दोन ते पाच जणांना. लशींना सरसकट बंदी नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर लाखामागं साधारण एक जास्तीचा रुग्ण दिसला होता, तेव्हापासून ही भीती चालत आली आहे. एखादी लस दिल्यावर सहा आठवड्यांत जीबीएस झाला असेल तर तीच लस पुन्हा देण्याआधी विचार करतात. बाकी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, फ्लूपासूनही जीबीएस होतो हे लक्षात ठेवून.

बागवाला, तासगाव

भावाचं सांगतो. व्हेंटिलेटर निघाला तेव्हा तो बोट हलवून दाखवायचा. दीड महिन्यानं घरी आला, व्हीलचेअरवर. तीन महिन्यांनी वॉकर, पाचव्या महिन्यात काठी. छाटणीची कात्री त्यानं उशाशी ठेवून घेतली होती. रोज सकाळी दाबून बघायचा. आधी रिकामी, मग सुतळी, मग तुरीची वाळकी काडी. एप्रिल छाटणीला तो खुर्चीवर बसून मजुरांना सांगत होता, यंदाच्या ऑक्टोबरला स्वतः दोन ओळी छाटल्या. उजव्या पंजाला अजून पट्टा लागतो आणि दुपारी झोपावं लागतं. चप्पल सोडून मागं पट्टा असलेली सँडल घालतो.

वाळव्याचा

दुसरा दिवस. काल पहिलं प्लाझ्मा झालं, मधे बीपी पडलं होतं, सावरलं. दुसरं उद्या. व्हेंटिलेटर लागला नाही अजून. नाकातून नळी टाकलीय जेवणासाठी. मी शेजारी बसून त्यांना ऊस कधी तुटणार, म्हैस कुणी पिळली, सगळं सांगतोय. डोळ्यातून पाणी आलं त्यांच्या, म्हणजे ऐकतायत. आईला आत सोडलं पाच मिनिटं. सकाळी आकडा १४ होता, आत्ता संध्याकाळी परत १६.

बागवाला, तासगाव

१६ म्हणजे सकाळपेक्षा वर आहे. रात्रीचा पण टाका. मी जागा आहे.